ऑर्डर लवकर कुठे लागते? बँकेचं थ्री-इन-वन खातं आणि डिस्काउंट ब्रोकर

नाशिकचा माझा मावसभाऊ नवं ट्रेडिंग खातं उघडतोय. एकीकडे त्याच्या बँकेचं थ्री-इन-वन खातं (बचत, डिमॅट आणि ट्रेडिंग एकत्र जोडलेलं), दुसरीकडे मोबाइलवरचा, कमी ब्रोकरेज घेणारा डिस्काउंट ब्रोकर. ब्रोकरेजचा हिशोब त्याने स्वतःच करून ठेवला होता. मला एवढंच विचारलं, "दादा, ऑर्डर कोणाची लवकर लागते?" प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर जाहिरातीतल्या मिलिसेकंदांत सापडत नाही.

आपण मुंबईबाहेर राहतो म्हणून आपली ऑर्डर मागे पडते, असं पुष्कळांना वाटतं. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे कोल्हापूरहून मुंबईपर्यंतचं अंतर कापायला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षात वाट वळणावळणाची असते, मध्ये बरीच यंत्रं असतात, तरी आपल्याला जाणवेल असा फरक त्याने पडत नाही. एक्स्चेंजच्या आत तर हिशोब मायक्रोसेकंदांचा आहे. बीएसई स्वतःचा वेग ६ मायक्रोसेकंद सांगते. एनएसई २००९ पासून एक्स्चेंजच्याच आवारात सर्व्हर ठेवण्याची सोय देते. ती शर्यत त्या सर्व्हरवाल्यांची. आपला वेळ जातो तो ऑर्डर एक्स्चेंजला पोहोचण्याआधी, आणि दोन खात्यांतला खरा फरकही तिथेच आहे.

आधी विक्री बघा. डिमॅटमधले शेअर विकताना डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायचा ब्रोकरला दिलेला अधिकार) दिलेलं नसेल, तर डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएलचा टीपिन, म्हणजे मंजुरीचा पिन, टाकायचा, मग ओटीपीची वाट बघायची. ओटीपी दहा सेकंदांत येतो, कधी दोन मिनिटं येत नाही. भाव घसरत असताना ती दोन मिनिटं फार मोठी असतात. बँकेच्या खात्यात ही अधिकारपत्रं बहुधा खातं उघडतानाच सह्या करून घेतली जातात, त्यामुळे विक्री थेट जाते. डिस्काउंट ब्रोकरकडे डीडीपीआय अनेकदा नंतर वेगळं द्यावं लागतं आणि लोक ते राहू देतात. २०२२ साली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने जुन्या पॉवर ऑफ अॅटर्नीच्या जागी हे डीडीपीआय आणलं. त्याचा वापर विकलेले शेअर पोचते करणं, तारण ठेवणं अशा ठरावीक कामांपुरताच होतो, म्हणून ते द्यायला मी तरी घाबरत नाही. हा एक कागद दिलात की या बाबतीत दोन्ही खाती बरोबरीला येतात.

खरेदीत मात्र थ्री-इन-वन पुढे आहे. पैसे बचत खात्यातच असतात, ऑर्डर टाकताना तेवढी रक्कम अडवली जाते. डिस्काउंट ब्रोकरकडे बहुधा आधी यूपीआयने पैसे पाठवायचे. बहुतेक वेळा ते लगेच जमा होतात, पण बँकेचा सर्व्हर अडला की पैसे खात्यातून गेलेले आणि ब्रोकरकडे न पोचलेले, अशा अवस्थेत मी एकदा अख्खी सकाळ काढली आहे.

सकाळी सव्वानऊला, बाजार उघडतो तेव्हा, दोन्हींची परीक्षा होते. त्या मिनिटाला सगळेच लॉग-इन करतात. माझ्या एका जुन्या ब्रोकरचं अॅप नेमकं तेव्हाच गोल गोल फिरत बसायचं, म्हणून ते खातं मी सोडलं. आता नऊच्या आधीच लॉग-इन करून ठेवतो. अॅप पडलंच तर बँकेच्या ब्रोकरकडे डीलरला फोन करता येतो. डिस्काउंटवाल्यांकडेही ही सोय बहुधा असते, पण जादा शुल्क देऊन. तो नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा. आणि सगळा दोष ब्रोकरवर टाकू नका: २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचेच व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी कोणाचंही अॅप वेगवान नव्हतं.

आता ऑर्डरच्या प्रकाराकडे. माझ्या मते ब्रोकरच्या निवडीपेक्षाही इथे जास्त पैसे जातात. उलाढाल कमी असलेल्या एखाद्या शेअरच्या मार्केट डेप्थमध्ये (कोण किती शेअरना काय भाव देतंय त्या यादीत) १२० शेअरना ८४.५० रुपये, १८० ना ८४.१० आणि २०० ना ८२.७५ अशा खरेदीदारांच्या बोली आहेत असं धरा. तुम्ही ५०० शेअर विकायची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला, टाकलीत. क्षणात सगळे विकले गेले, हातात आले ४१,८२८ रुपये. स्क्रीनवर दिसणाऱ्या ८४.५० ने हिशोब केला तर ४२,२५० यायला हवे होते. वेगासाठी ४२२ रुपये मोजले. ब्रोकरेजचे वीस रुपये वाचवायला आपण आठवडाभर तुलना करतो, आणि हे ४२२ कोणत्याच तक्त्यात दिसत नाहीत. त्याच जागी ८४ ची लिमिट ऑर्डर, म्हणजे त्याहून कमी भावाला विकायचं नाही अशी, टाकली असती तर ३०० विकले जाऊन २०० पेंडिंग राहिले असते. म्हणून मोठ्या, भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर चालते, छोट्यात लिमिटच. एकच शेअर दोन्ही एक्स्चेंजवर असेल तर डेप्थ कुठे भरीव आहे ते बघून विका. सहा मायक्रोसेकंदांचा वेग समोर खरेदीदार असेल तरच कामाचा.

स्टॉप-लॉसचंही, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत घसरला की विकणाऱ्या ऑर्डरचंही, असंच. एसएल (स्टॉप-लॉस) ऑर्डर एक्स्चेंजकडे जाऊन बसते, पण त्या दिवसापुरतीच. जीटीटी (‘गुड टिल ट्रिगर्ड’, ठरवलेला भाव येईपर्यंत थांबणारी ऑर्डर) महिनोन्महिने राहते, पण ती असते ब्रोकरच्या सर्व्हरवर. भाव आला की तिथून ऑर्डर निघते, बहुधा लिमिट ऑर्डर. समजा ४८० चा ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर सुटते तो) आणि ४७८ ची लिमिट लावून तुम्ही निर्धास्त झोपलात, आणि सकाळी शेअर ४६० ला उघडला. ट्रिगर लागेल, ऑर्डर जाईल, आणि ४७८ वर पेंडिंग राहील. शिवाय डीडीपीआय नसेल आणि टीपिनची मंजुरीही दिलेली नसेल, तर ती रिजेक्टच होईल. जीटीटीची सोय डिस्काउंटवाल्यांनी लोकप्रिय केली, सोय चांगलीच आहे. पण नोकरीच्या वेळेत तिच्यावर विसंबणार असाल तर विक्रीची लिमिट ट्रिगरच्या थोडी जास्त खाली ठेवा.

मावसभाऊ वर्षातून आठ-दहा वेळा शेअर घेतो, क्वचित विकतो. त्याला मी बँकेचं खातं सुचवलं. ब्रोकरेज जास्त पडेल, पण पैसे पाठवण्याचा आणि ओटीपीचा घोळ वाचेल. त्याची मुलगी इंट्राडे (एकाच दिवसात घेऊन विकणं) करायचं म्हणते. तिथे बँकेचं टक्केवारीचं ब्रोकरेज परवडत नाही, डिस्काउंट ब्रोकरच बरा, आणि शक्यतो मोबाइलपेक्षा संगणकावर. मात्र सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या (पुढच्या भावावर लावलेल्या करारांमधल्या) दर १० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९ हून अधिक जणांना तोटा झाल्याचं दिसलं, हे मी तिला वाचून दाखवलं. त्यात भर घालायला वेगवान अॅप नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

दोघांनाही एकच काम दिलंय. खातं सुरू झालं की पहिल्या पाच-सहा सौद्यांना बटण दाबल्याची वेळ वहीत लिहायची. संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते, तिच्यात ऑर्डरची वेळ आणि सौद्याची वेळ वेगवेगळी छापलेली असते. वहीतली वेळ आणि ऑर्डरची वेळ यांत सेकंदांचं अंतर वारंवार दिसलं, तर उशीर अॅपचा किंवा आपल्या नेटचा. ऑर्डर आणि सौदा यांत अंतर दिसलं, तर आपण मागितलेल्या भावाला समोर कोणी नव्हतं.