लग्नातलं सूटपीस, ओस्लोचा बर्फ आणि ते अस्तर: अकरा महिन्यांनंतर

कापड 1994 चं, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं ट्वीडचं, म्हणजे जाड लोकरीचं सूटपीस. ठाण्यात ट्वीड घालून निघालं की लोक 'ताप आलाय का' विचारतात, म्हणून तीस वर्षं ट्रंकेत पडून. लेक ओस्लोला असते. जानेवारीत जायचं ठरलं तेव्हा नौपाड्यातल्या नेहमीच्या टेलरकडे टाकलं. नॉर्फोक कट सांगितला: पाठीवर चुण्या, कमरेला पट्टा. खाली गुडघ्याशी आवळायची पँट, लांब लोकरी मोजे. बायको म्हणाली, "शिकारीला निघालात का?"

निघालो होतो स्की शिकायला. डोंगरावरून खाली सुटायचं ते नव्हे, क्रॉस-कंट्री. टाच मोकळी, यंत्राने बर्फात पाडलेल्या दोन चऱ्यांमधून चालल्यासारखं सरकायचं. सोंग्सवान तळ्यापर्यंत मेट्रो जाते, डब्यात माणसं स्की घेऊन उभी. स्कीच्या पायाखालच्या भागाला लेक निळं मेण चोळून द्यायची. उणे पाचला ते बर्फ छान पकडतं, शून्याच्या आसपास रुसतं.

चुण्यांना पैकीच्या पैकी. काठी मारताना हात पार मागे जातो, ऑफिसचा कोट काखेत धरतो. हा एकदाही धरला नाही.

आता अस्तर. वीस मिनिटांत माणूस घामाघूम होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओल पिते आणि तरी ओली लागत नाही, हे ऐकून होतो. पण घाम लोकरीपर्यंत पोचेल तर ना! आत चकचकीत पॉलिएस्टर. कॉफीला थांबलो आणि पाठीला ओला प्लॅस्टिकचा कागद चिकटला. उणे आठ. दात वाजायला लागले. तिथेच मनातल्या मनात टेलरचा उद्धार केला आणि ह्या लेखाचं पहिलं वाक्य ठरवलं. ते इथे छापण्यासारखं नाही.

रात्री लेकीच्या छोट्या कात्रीने पाठीचं अस्तर उसवलं. बाह्यांचं ठेवलं, नाहीतर आतल्या स्वेटरवर बाही चढत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गेलो. तासाभराने लेक म्हणाली, "बाबा, पाठीवर बघा." कोटाच्या बाहेरून पांढरं बारीक दव गोठलं होतं. आत कोरडा! हाताने झटकलं, भुरभुर गळून पडलं. त्या क्षणी सासऱ्यांची आठवण आली, आणि ती चांगली होती.

परत आल्यावर टेलरशी भांडायला गेलो. त्यांनी शांतपणे वही उलटली: 'अस्तर पॉली, गिऱ्हाईकाचे सांगणे.' घाम शोषणाऱ्या व्हिस्कोसच्या अस्तराला 400 रुपये जास्त होते, मीच नको म्हटलं होतं. म्हणजे वरचा सगळा राग परत घेतो. निम्मा. बर्फात जायचंय हे सांगितलं होतं, एक शब्द बोलायला काय झालं होतं?

पावसाळ्यात वेगळाच घोळ. डांबरगोळ्यांमुळे कसर लागली नाही, पण चामड्याच्या बटणांवर ऑगस्टमध्ये हिरवी बुरशी. घासून काढली, एका बटणावर डाग राहिलाय.

परवा ठाण्यातल्या उपवन तळ्यावर पहाटे घालून गेलो. अर्ध्या फेरीत कोट हातावर आला. खांद्यांपुरतं व्हिस्कोस लावायला टेलर आता 600 मागतोय. मी 450 वर अडलोय. लेकीकडचं तिकीट फेब्रुवारीचं आहे.