वहीतला नकाशा संगणकावर: इंकस्केप की क्रिता?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक जगातल्या भूमिका-खेळासाठी हाताने काढलेला नकाशा डिजिटल करायला इंकस्केप आणि क्रिता ही दोन्ही सॉफ्टवेअर्स मोफत आहेत. आधी ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. ए४ कागदाची प्रतिमा साधारण २४८०×३५०८ पिक्सेलची होते. मोबाइलचा फोटो शक्यतो नकोच, कडा वाकड्या येतात.

इंकस्केपचं 'ट्रेस बिटमॅप' शाईच्या रेषांना व्हेक्टरचं, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिती रेषांचं रूप देतं. मग नकाशा भिंतीएवढा छापला तरी रेषा फाटत नाहीत. पण पेन्सिलीच्या छटांचे काळे डाग होतात, आणि नको असलेले नोड्स (रेषेचे जोडबिंदू) पुसत बसणं म्हणजे निव्वळ वैताग.

क्रितामध्ये स्कॅन सर्वांत वरच्या लेयरवर (थरावर) ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची पद्धत, 'मल्टिप्लाय' करायचा. कागदाचा पांढरा भाग दिसेनासा होतो, रेषा तेवढ्या उरतात आणि खालच्या लेयरवर समुद्र, जंगल, वाळवंट निवांत रंगवता येतं. (कागद करडा दिसत असेल तर आधी 'लेव्हल्स'ने उजळून घ्या.) हाताची थरथर, शाईचा ओघळ जसाच्या तसा राहतो, माझ्या मते अशा नकाशांची खरी मजा त्यातच आहे. मोठं छापायचं तर मात्र स्कॅन ६०० डीपीआयचा हवा, आणि पेन टॅब्लेट नसेल तर माउसने रंगवणं जिवावर येतं.

पेन्सिलीचा नकाशा असेल तर मी सरळ क्रिता उघडतो. गावांची नावं तेवढी नंतर इंकस्केपमध्ये चढवतो.