२५ मिमीची रिम ३० ची म्हणून गळ्यात मारली: बेळगावकडच्या सायकलवाल्यांनो, आधी हे वाचा

एकूण १६,०१० रुपये, सायकलच्या दोन्ही चाकांना रुंद रिम आणि टायर बसवून घेण्याचे. ९,००० ॲडव्हान्स फोनवरून, ७,०१० रोख. पावती म्हणून वहीतलं फाडलेलं पान: रिम जोडी ७,४००, टायर जोडी ४,९००, ६४ तारा निपलसह (तार ताणायची छोटी नट) ९६०, ट्यूबलेस (ट्यूब न घालता टायर बसवायची) टेप आणि व्हॉल्व्ह १,१५०, मजुरी १,६००. यातल्या पहिल्या तीन ओळी सरळसरळ खोट्या निघाल्या.

"गणित न करता गेलात, मग फसणारच" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. गणित झालेलं होतं. सायकल २७.५ इंची चाकांची, डिस्क ब्रेकची, हब (चाकाच्या मधला भाग, ज्यात तारा अडकवतात) ३२ भोकांची. जुनी रिम आतून १९ मिमी, त्यावर २.१ इंची टायर. जांबोटी-चोर्ल्याकडच्या जांभ्याच्या खडीवर हा टायर ३५ पीएसआय हवेच्या खाली नेला की वळणावर कडेला लोळतो. आतून ३० मिमीच्या रिमवर २.४ चा टायर ट्यूबलेस बसवला की २२-२४ पीएसआयवरही तो सरळ उभा राहतो. म्हणून रुंद रिम, दिखाव्यासाठी नाही. चेन-स्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) मधे, टायर जिथे सगळ्यात फुगतो तिथे, जागा ७४ मिमी. २.४ चा, म्हणजे ६२ मिमीचा टायर बसला की दोन्ही बाजूंना ६-६ मिमी उरते. (येळ्ळूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चालवणार असाल तर ६ पुरत नाही, ८-१० ठेवा. ती माती टायरला आणि फ्रेमला एकदमच धरते आणि चाक जागेवर थांबतं.)

आता लबाडी कशी केली ते.

रिमचा आकडा आतल्या मापाचा असतो, म्हणजे टायरच्या कडा जिथे बसतात त्या दोन भिंतींमधलं अंतर. आतून ३० ची रिम बाहेरून ३४-३५ भरते. मिळालेली रिम बाहेरून ३० आणि आतून २५. वर चकचकीत स्टिकर: ३०. तो नखाने उचलला तर खाली रिमवरच छापलेलं ५८४×२५. ५८४ हे २७.५ च्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये. तो बरोबर आहे, म्हणून तर टायर चढला.

टायरचंही तसंच. बाजूला पांढऱ्या शाईत मोठ्ठं २७.५×२.४०. त्याच टायरवर, रबरातच उठलेलं, बारीक: ५७-५८४. म्हणजे ५७ मिमी रुंद, २.२५ चा टायर. शाई कोणीही मारू शकतो, पेट्रोलच्या फडक्याने ती पुसलीही गेली. साच्यातला आकडा पुसत नाही. टायर घेताना पांढरं काही वाचूच नका, बोटाने चाचपून रबरातला आकडा शोधा.

तारांचा प्रकार तर चीड आणणारा. पैसे ६४ नव्या तारांचे, घातल्या जुन्याच, वरून पॉलिश मारून. नव्या रिमचा तारांच्या टोकांपाशी मोजायचा व्यास जुन्या रिमपेक्षा ६ मिमी कमी, म्हणजे प्रत्येक तार ३ मिमी जास्त लांब. तारेवरचे आटे साधारण १० मिमीचेच असतात. निपल आटे संपेपर्यंत फिरलं, पुढे फिरेना, तार ढिलीच राहिली. पहिल्याच घाटात मागचं चाक कटकट वाजायला लागलं आणि आऊट झालं. नवी रिम म्हणजे तारांची लांबी नव्याने काढायचीच, ती एकदा मोजून पुढे कायमची वापरता येत नाही. "जुन्या तारा चालतात की ओ" म्हणणारा मिस्त्री दिसला की तिथून उठा.

आणि तो क्षण. चाकं घ्यायला गेलो तेव्हा दोन्हीवर टायर चढवून, हवा भरून तयार. टायर चढला की आतलं माप कोणालाच घेता येत नाही, हे दुकानदाराला पक्कं माहीत. व्हर्निअर (मिमीचं बारीक माप घ्यायचं साधन) मागितला तर लगेच काढून दिला, उलट स्वतःच रिमच्या बाहेरच्या कडांना लावून दाखवला: ३०. घ्या, बघा. त्याच वेळी टेबलावर टेपचं रिकामं रीळ पडलेलं, आतल्या पुठ्ठ्यावर २७ लिहिलेलं. ट्यूबलेस टेप रिमच्या आतल्या मापापेक्षा २ ते ४ मिमी रुंद लागते. २७ ची टेप २५ च्या रिमला. ३० ला ३२-३४ लागते. उत्तर डोळ्यांसमोर पडलं होतं आणि नजर व्हर्निअरच्या आकड्यावर! अजून आठवलं की डोकं तापतं.

चाक फ्रेममध्ये बसवलं तेव्हाही बाजूला ६ ऐवजी ९ मिमी जागा दिसत होती. विचारलं. उत्तर: "ट्यूबलेस टायर हवेवर ताणतंय ओ, दोन दिवसांत पाच मिमी फुगतंय बघा." आता यात अर्धं खरं आहे. नवा टायर ताणतो, पण मिमी-दोन मिमी. रिम ५ मिमीने अरुंद असेल तर टायर साधारण २ मिमी कमी भरतो, त्यात टायरच ५७ चा. व्हर्निअरवर भरला ५६. खऱ्यात कालवलेलं खोटं ओळखायला जाणकारालाही वेळ लागतो. त्याचा धंदा त्यावरच चालतो.

चाक द्यायला जाणाऱ्यांनी हबच्या आतल्या बाजूला ओरखडा मारून फोटो काढून ठेवावा. इथे हब बदललं गेलं नाही ते त्यामुळेच असावं.

मग तक्रार. दुकान सीमेपलीकडे महाराष्ट्रात, घर बेळगावात. इकडच्या ठाण्यात: पैसे तिकडे दिले, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात: आधार कर्नाटकचं, तिकडे जा, आणि हा दिवाणी मामला आहे. मराठीतला अर्ज इकडे हातात परत, कन्नडमध्ये लिहून आणा. कन्नडमध्ये लिहून नेला तर साहेब बंदोबस्ताला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने नंबर दिला आणि दुकानदार उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद केली. उत्तर देत नाही म्हणूनच तर तक्रार केली होती! सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या रिमची काय कथा.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. तोंडी सांगून उपयोग नाही, अर्जात कलम लिहा आणि पोच मागा. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठल्याही राज्यात असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील मात्र १०,००० मागतो, १६,०१० साठी.

फोनवरून पैसे देताना पडद्यावर नाव कोणाचं येतं ते बघा. इथे दुकानाचं नव्हतं, कोणा बाईंचं होतं. आता दुकानदार म्हणतो, ते पैसे माझ्याकडे आलेच नाहीत.

व्ही-ब्रेकवाल्यांना कोणी डिस्कची रिम स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तिला ब्रेक शू घासायची सपाट बाजूच नसते. पुढचा टायर रुंद करताना फोर्कची हवा सोडून तो पूर्ण दाबून बघा. टायर आणि फोर्कच्या माथ्यात ६ मिमी उरली नाही तर खड्ड्यात चाक तिथेच अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. मागे चेन सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर टाकून टायरला घासते का तेही बघा. रिम टायरशिवाय हातात द्यायला सांगा, आतून मोजा, मगच टायर चढवू द्या. सगळे पैसे त्यानंतर.

दुकानदार सध्या २,००० परत द्यायला तयार आहे. रोख, आणि तक्रार मागे घेतली असं लिहून दिलं तरच. लिहून देणार नाही.