होडीच्या नावासाठी व्हिनाइल अक्षरं: घ्यावीत का?

आयरिश नाव, फॉन्ट आणि उंची ऑनलाइन टाकली की कापलेली व्हिनाइल अक्षरं घरपोच येतात. छोट्या शिडाच्या होडीला रंगाऱ्यापेक्षा हे परवडतं. घ्यायचंच तर 'कास्ट', म्हणजे ओतून बनवलेलं व्हिनाइल. स्वस्तातलं कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरमधून लाटून काढलेलं, उन्हात आकसतं, कडा सुटतात.

नमुन्यातला गोलसर अन्शियल (जुन्या आयरिश हस्तलिखितांच्या वळणाचा) फॉन्ट झकास, पण ७५ मिमीपेक्षा लहान घेतला तर शेजारच्या धक्क्यावरूनही वाचता येत नाही. खरी कटकट फादाची, म्हणजे स्वरावरच्या तिरक्या रेघेची. एवढासा सुटा तुकडा, ट्रान्सफर टेपबरोबर (अक्षरं होडीवर उतरवायची चिकटपट्टी) हमखास उचलला जातो. तो आधी अंगठ्याने दाबा, मग टेप मागे दुमडून सावकाश ओढा. मागच्या फळीवर वॅक्सचा अंश असेल तर काहीच टिकत नाही, म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

आणि नाव व्हीएचएफवर, म्हणजे होडीच्या रेडिओवर, बोलतोय असं समजून बोलून बघा. संकटात ते तीनदा उच्चारायचं असतं. 'मनानान' समुद्रदेव खरा, पण जीभ अडखळते. 'नीव्ह' सुटसुटीत, मात्र स्पेलिंग एन-आय-ए-एम-एच, ते दरवेळी सांगावं लागणार. ब्रिटनच्या स्मॉल शिप्स रजिस्टरमध्ये नोंद असेल तर नंबरही याच ऑर्डरीत घाला. त्याची उंची किमान ३० मिमी लागते.