निकोटिनचे च्युइंगगम: औषध गुणाचे, माहितीपत्रक कुचकामाचे

स्वतःची सिगारेट सोडताना मी निकोटिनचे च्युइंगगम तीन महिने वापरले आणि पुढे कष्टकरी वस्त्यांतील धूम्रपानमुक्ती गटांत स्वयंसेवक म्हणून काम करताना इतरांनाही ते वापरताना पाहिले.

औषधाच्या गुणाविषयी मला शंका नाही. धुरातला टार आणि कार्बन मोनॉक्साइड वगळून शरीराला फक्त थोडे निकोटिन मिळते आणि तलफ आवाक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच निकोटिन पर्यायी उपचार (सिगारेटऐवजी च्युइंगगम, पट्टी अशा मार्गाने निकोटिन देणे) अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहेत. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्याने ४ मिलिग्रॅम निकोटिनची च्युइंगगमची गोळी घ्यावी, इतरांना २ मिलिग्रॅमची पुरते.

घोळ होतो तो नावामुळे. च्युइंगगम म्हटले की माणूस ते सतत चावत राहतो. प्रत्यक्षात जिभेला चुरचुर जाणवेपर्यंतच सावकाश चावून ते गालाच्या आत, हिरडीला टेकवून ठेवायचे असते आणि चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचे, असे सुमारे अर्धा तास. सतत चावल्यास निकोटिन तोंडात शोषले जाण्याऐवजी लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि ‘औषध बाधले’ म्हणून माणूस पाकीट टाकून देतो. कॉफी किंवा फळांचा रस पिऊन लगेच गोळी घेतली तरी शोषण घटते. आधी पंधरा मिनिटे थांबावे लागते. हे सारे माहितीपत्रकात आहे खरे, पण मुंगीएवढ्या अक्षरांत आणि एकाही चित्राविना, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने ते कोरेच.

दुसरी अडचण पैशांची. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गोळी अपेक्षित असताना लोक काटकसरीने दिवसाला दोन-तीनच घेतात आणि तलफ शमली नाही की दोष औषधाला देतात. म्हणूनच हा उपचार आरोग्य केंद्रातून मोफत, तोही पूर्ण बारा आठवड्यांचा मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. दात पडलेल्यांना किंवा कवळी असणाऱ्यांना मात्र मी हे सुचवणार नाही. त्यांच्यासाठी त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी सोयीची.

आमच्या गटात आता पहिली गोळी घरी नेऊ देत नाहीत. घड्याळ समोर ठेवून सर्वांनी ती एकत्र घ्यायची, कधी चावायचे आणि कधी थांबायचे ते मोठ्याने सांगितले जाते, आणि तेव्हापासून उचकीच्या तक्रारी क्वचितच येतात.