जुन्या पिकअपला रिव्हर्स कॅमेरा: वायरचा की वायरलेस?

वाशीच्या मार्केटमध्ये गाळ्याला गाडी मागे लावायची, मागे हमाल नि हातगाड्या. कॅमेरा हवाच; प्रश्न कुठला, एवढाच.

खर्चात वायरलेस महाग, पण मजुरी कमी. तरी ‘वायरलेस’ म्हणजे वायर नाहीच असं नव्हे: कॅमेऱ्याला १२ व्होल्ट रिव्हर्स लाईटच्या वायरवरूनच द्यावे लागतात. वाचते ती फक्त केबिनपर्यंतची व्हिडिओ केबल.

खरा फरक चित्रात. स्वस्त ॲनालॉग वायरलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, वायफायही तिथेच. गर्दीत पडद्यावर मुंग्या येतात. डिजिटल बरा, पण रिव्हर्स टाकल्यावर चित्र यायला क्षणभर लागतो. त्या क्षणात माणूस मागे येऊ शकतो. वायरचं चित्र स्थिर.

वायरच्या कामात मेहनत आहे. केबल चॅसिसच्या आतून, सायलेन्सरपासून दूर न्या, दर फूटभरावर टाय मारा, केबिनच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून कडेला बसणारी रिंग) बसवा. केबलच्या दोन्ही टोकांना बारीक लाल वायर असेल तर तीच रिव्हर्सचा सिग्नल मॉनिटरला देते. पावसाळ्यात बिघडतो तो बहुधा जोड: आरसीए पिनांवर (व्हिडिओ केबलच्या गोल पिना) हिरवा गंज चढतो. टेप पुरत नाही, गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. अर्थिंग गंजलेल्या बोल्टवर नको, चित्र लुकलुकतं.

कॅमेरा दोन्हींत फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या पाडता येणाऱ्या दारावर) नको. फाळका पाडला की रस्ताच दिसतो. बंपरच्या वर लावा, आणि धूळ-पाणी आत न जाण्याचं आयपी६७ रेटिंग किंवा त्याहून वरचं असलेला घ्या.

रोजची मालवाहतूक, गाडी आपलीच: वायरचा. भाड्याची गाडी, किंवा हौदा वरचेवर उतरवावा लागतो: डिजिटल वायरलेस. ॲनालॉग वायरलेस कोणीच घेऊ नये.