जनावरांच्या भाषेत बोलणारा सोलर भोंगा: वावरात लावून पाहिला, दोन स्टार

राजेहो, ज्यांच्या वावराला जंगल लागून आहे त्यांच्यासाठीच लिहितो, बाकीच्यांनी पुढं सरकलं तरी चालते. यंदा हरभऱ्यासाठी तो रात्रभर आवाज काढणारा सोलरचा भोंगा घेतला, साडेतीन हजाराच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तोच डबा वेगवेगळ्या नावानं सगळीकडं मिळते. आमचं वावर वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलाच्या अंगाला, म्हणून रोही (म्हणजे नीलगाय), रानडुक्कर आणि वानेर तिन्ही पाहुणे कायम मुक्कामी. कुंपणाच्या तारेतून करंटचा झटका देणारी झटका मशीन शेजाऱ्यांकडं आहे, पण त्याच्या ताराखालचं गवत कोण कापत बसते, म्हणून म्हटलं आवाजाचं बघू. निकाल आधीच सांगतो: सुरुवातीला जबरदस्त, नंतर रोह्यांना तो घरचाच वाटायला लागते.

सामान म्हणून डबा वाईट नाही. पॅनल बरं आहे, ढगाळ वातावरणातही बॅटरी पहाटेपर्यंत चालली, पाण्याचे चार थेंब पडले तरी काही झालं नाही. आवाज एवढा की दोन एकर आरामात भरते, आणि धुऱ्यापलीकडच्या काकांची झोपही. मेमरी कार्डात कुत्र्याचं भुंकणं, फटाके, वाघ, पक्ष्यांची किंकाळी आणि हिंदीतला एक माणूस "भाग भाग" ओरडणारा, एवढं भरून येते. यातला वाघ मात्र वाघ नाही बरं का. लांब डरकाळी आणि मागून हूं-हूं-हूं करत उतरत जाणारा आवाज, हा सिंह आहे हो सरळ! रानातला सिंह आपल्या देशात गीरच्या भागातच, आमच्या रोह्याच्या सात पिढ्यांनी तो ऐकला नाही. बोरचा वाघ रात्री एकदम आऊंऽऽघ करून थांबते, ज्यानं ऐकलं त्याला फरक सांगावा लागत नाही. रोह्याला तर त्याहून नाही.

डब्यावर अजून एक बटण आहे, अल्ट्रासोनिक म्हणून. ते दाबलं की आपल्याला काहीच ऐकू येत नाही आणि दुकानदार म्हणते तेच तर त्याचं वैशिष्ट्य. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, त्याच्या वरचा आवाज हवेत लवकर विरतो, आणि बहुतेक पक्ष्यांना तर आपल्याइतकंही वरचं ऐकू येत नाही. राघूसाठी त्या बटणाचे पैसे देऊ नका.

आता मुख्य मुद्दा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय "जनावरांच्या भाषेत इशारा देणारे यंत्र". इथंच माझं डोकं फिरलं, कारण मला या विषयाचा जुना किडा आहे, जे सापडेल ते वाचतो.

पहिले काही दिवस एकही खूर दिसला नाही, गावात सांगत सुटलो. मग एका रात्री बॅटरी घेऊन गेलो तर भोंग्याच्या खांबाखालीच एक मोठा नर रोही उभा. कुत्र्याचा ट्रॅक चालू होता, त्यानं फक्त एक कान भोंग्याकडं वळवला, मान खालीच, घाटे खायचं काम चालू, कुरुम कुरुम आवाज मला ऐकू येत होता. मी नुसता खाकरलो तर धाडकन धूम. मशीन कोकलून राहिली तरी त्याला काही नाही आणि माझ्या खाकरण्यानं गडी शेताबाहेर!

असं काऊन होते याचं उत्तर केनियाच्या अंबोसेलीतल्या माकडांनी दिलंय. तिथली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळे आवाज काढतात. १९८० साली रॉबर्ट सेफर्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी हे आवाज टेप करून झाडीत लपवलेल्या स्पीकरवरून ऐकवले. म्हणजे बघा, आपला भोंगाच. बिबट्याचा आवाज लावला की माकडं झाडावर, गरुडाचा लावला की वर पाहणार नाहीतर झुडपात शिरणार, सापाचा लावला की मागच्या पायावर उभं राहून गवत पाहणार. पण खरी मजा चेनी आणि सेफर्थनं नंतर केली. एकाच माकडाचा "दुसरी टोळी आली" असा आवाज परत परत ऐकवला, टोळी मात्र येतच नव्हती. बाकीच्यांनी त्या माकडाकडं दुर्लक्ष सुरू केलं, अन् त्याच अर्थाचा त्याचा दुसरा आवाज लावला तरी ढिम्म. दुसऱ्या माकडाचा आवाज लावला की लगेच सावध. म्हणजे कोण बोलून राहिला आणि त्याचं बोलणं खरं निघते का, हे जनावर तपासते. आमच्या डब्यातलं कुत्रं रात्रभर त्याच जागेवरून तेच भुंकते, माणूस येत नाही, दगड येत नाही, कुत्रंही येत नाही. रोह्यानं काय म्हणून पळावं?

वानेरांचं तर विचारूच नका. सिंहाच्या डरकाळीवर ते पहिल्यांदा निंबावर चढले, एक म्हातारा नर शेंड्यावर बसून जंगलाकडं टक लावून पाहत राहिला, पण खाकरला नाही. वाघ-बिबट दिसल्यावर वानेर जो खाकर-खाकर खोकल्यासारखा आवाज देते तो आमचे गुराखी बरोबर ओळखतात, चितळंही त्यावर कान ठेवून असतात, म्हणून तर ती वानेरांच्या झाडाखाली चरतात, वरून पडलेला पाला पण मिळते आणि पहारेकरीही. त्या म्हाताऱ्यानं पाहिलं, काही दिसलं नाही, खाली उतरला. आता त्याच खांबावर पॅनलच्या बाजूला बसते, पॅनलवर काय करून ठेवते ते सांगत नाही, पुसावं लागते एवढंच.

किंकाळीचा ट्रॅक मात्र बरा निघाला. बाजूच्या ज्वारीवर राघूंचे थवे पडतात, तिथं थोडे दिवस भोंगा नेऊन ठेवला, पकडलेल्या पक्ष्याचा तो केविलवाणा आवाज लावला की थवा उठते आणि नुसत्या फटाक्यांपेक्षा हा परिणाम जास्त टिकला. विमानतळावरही पक्षी हाकलायला असले आवाज वापरतात. त्याचा एक स्टार.

दुसरा स्टार मेमरी कार्डाचा, कारण त्यात आपलं भरता येते. "भाग भाग"वाला काढून टाकला आणि आमच्या बुढ्याचा आवाज भरला, "होऽऽ हाल्याऽऽ" पासून सुरू होऊन डुकराच्या खानदानाचा उद्धार करेपर्यंत. मग बाबाचं आणि काकाचं जागलीतलं साधं बोलणं, कापसाचा भाव काय, पोरीचं लग्न कधी. आश्चर्य म्हणजे आरडाओरड्यापेक्षा हे साधं बोलणंच जास्त चाललं. काका म्हणे, "अबे, आरडणारा माणूस दूर असते, बोलणारा जवळ असते, रोह्याले समजते थे." २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरच्या जंगलात कॅनडाच्या लियाना झॅनेट यांच्या टीमनं पाणवठ्यावर हेच केलेलं, सिंहाचा गुरगुराट, कुत्रे, बंदुकीचे बार आणि माणसाचं शांत बोलणं असे आवाज लपवलेल्या स्पीकरवर लावले. सगळ्यात जास्त जनावरं माणसाच्या बोलण्यानं पळाली, सिंहापेक्षा पळायची शक्यता दुप्पट. अंबोसेलीतले हत्ती तर तिथल्या दोन जमातींपैकी मासाई पुरुषाचा आवाज आणि कांबा पुरुषाचा आवाज वेगळा ओळखतात आणि मासाईलाच जास्त घाबरतात, कारण भाल्याचा अनुभव त्याच्याकडून.

पण म्हणून खोक्यावर "भाषा" लिहायची का? वानेराचा खाकर म्हणजे "वाघ, आत्ता, इथं". आमचा काका रात्री म्हणते "परवा त्या नाल्यातून डुकरं घुसली होती, उद्या चांदणं नसन, परत येतीन". यातली परवाची डुकरं नाहीत, उद्याची रात्र अजून आली नाही, तरी सगळे त्यावर भांडू शकतात. जनावरात असं जवळपास कोणी करत नाही, मधमाशी नाचून दूरच्या फुलांचा पत्ता सांगते तेवढा अपवाद, कार्ल फॉन फ्रिश यांना त्यासह जनावरांच्या वागण्यावरच्या कामासाठी १९७३ साली नोबेल मिळालं. बरं, गळ्याचंही फार कौतुक नको. माकडाचा गळाच बोलायच्या लायकीचा नाही असं खूप वर्षं मानत होते, पण २०१६ साली मकाक माकडाचा एक्स-रे व्हिडिओ काढून टेकमसे फिच आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की तोंड-गळा बोलण्याइतपत पुरेसा आहे, कमी पडते ते मेंदूचं नियंत्रण. भाषा नेमकी कशी सुरू झाली यावर एवढे तर्क निघाले की पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं १८६६ साली त्या विषयावरचे निबंध घ्यायचेच नाहीत असा नियम केला होता. मला आपलं वाटते की राखण करत रात्र काढायला लागणाऱ्या माणसांचा त्यात थोडाफार हात असन, पण हे माझं, कुठं छापून आलेलं नाही.

घ्यायचाच असेल तर असं करा. सेन्सरवालं मॉडेल घ्या, जनावर जवळ आल्यावरच वाजणारं, थोडं महाग पडते पण आवाज फुकट जात नाही. खांब पक्का गाडू नका, जागा बदलत राहा. दोन-तीन माणसांचं बोलणं वेगवेगळं भरा आणि मधून मधून खरंच जा, बॅटरी दाखवा, गोफण चालवा, म्हणजे भोंग्याचं बोलणं कधी कधी तरी खरं निघन. रानडुकरांसाठी मात्र यावर भरवसा ठेवू नका, ती नाकावर चालतात, मका असेल तर झटका मशीनच लावा.

सर्व्हिसबद्दल: वॉरंटी कार्डावरचा नंबर लागत नाही, विकत घेतलं त्या दुकानात स्विच बदलून द्यायला हंगाम संपत आला. शेवटी गावातल्या मोटर रिवायंडिंगवाल्यानं जुन्या टेपचं बटण बसवून दिलं, चाळीस रुपये, अजून चालू आहे.